लोकरीचा दवाखाना

खोली बघायला गेले तेव्हा एप्रिलची दुपार होती आणि अंगणात एक जाडजूड गृहस्थ पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून फेऱ्या मारत होते. कपाळावरून घाम गळत होता. कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसलेली एक लहानखुरी म्हातारी त्यांना सांगत होती, "हात वर करा. आता खाली. काखेत ओढतंय का? खरं सांगा."

"नाही हो सिस्टर."

"मग जा. डिस्चार्ज."

गृहस्थांनी स्वेटर काढला, तिच्यासमोर घडी घातली आणि सुटका झाल्यासारखे निघून गेले. ते तालुक्याच्या कचेरीतले साहेब होते, हे मला नंतर कळलं.

"खोली कुणाला हवीय?" म्हातारीने विचारलं.

"मला. एसटीत कंडक्टर आहे. पहिली गाडी पावणेसहाची असते, म्हणजे पहाटे दार वाजेल. आधीच सांगते."

"पहाटे थंडीत अंगात काय घालतेस?"

"स्वेटर."

"धुतेस कशाने?"

"पावडरने. बादलीत भिजवून."

"खोली देते," म्हणाल्या. "स्वेटर आधी इकडे आण."

अशी मी श्रीरामपुरात त्यांची भाडेकरू झाले आणि त्या गेल्यावरही तिथेच राहिले. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. पुण्याला एक भाचा होता, तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि सिस्टर त्याला फोनमधून फक्त आपलं कपाळ दाखवायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी लोकांचे लोकरी कपडे हाताने धुऊन द्यायला सुरुवात केली. का, ते विचारलं तर म्हणायच्या, "बाळांच्या टोप्या लाँड्रीतून आटून यायच्या. वाटीएवढ्या. ते बघत नोकरी काढली. आता बघवत नाही."

थंडी संपली की काम सुरू. राखेच्या बुधवारी ॲडमिशन उघडायचं, ईस्टरच्या आदल्या दिवशी बंद. ख्रिस्ती उपवासकाळाचे चाळीस दिवस त्यांनी का निवडले असतील याचा मी फार विचार केला नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे त्या तारखा विचारून ठेवायचे एवढं खरं. पैसे घ्यायच्या नाहीत. अट एकच होती. स्वेटर ज्याचा, त्याने स्वतः न्यायला यायचं आणि त्यांच्यासमोर अंगात घालून चालून दाखवायचं. बायको नवऱ्याचा न्यायला आली तर परत पाठवायच्या. "पेशंट दुसऱ्याच्या पायाने घरी जात नाही," म्हणायच्या. म्हणून दर एप्रिलमध्ये आमच्या अंगणात घामाघूम माणसं हात वर-खाली करताना दिसायची.

प्रत्येक स्वेटरचा केसपेपर असायचा. शाळेच्या वह्यांना घालतात तो खाकी कागद जमिनीवर पसरायचा, त्यावर स्वेटर सपाट ठेवायचा आणि कडेकडेने जाड पेन्सिल फिरवायची. आत नाव, तारीख, तक्रार. मी वाचलेल्या तक्रारी अशा: 'कोपराला विरलाय, चहाचा डाग, मालक चिडका.' 'बाही ताणलेली. मूल बाहीने नाक पुसतं.' धुतल्यावर तो कागद बाजेवर पसरायचा, वर पातळ मलमल टाकायची, म्हणजे खालची रेघ दिसते पण कागद लोकरीला लागत नाही. त्यावर ओला स्वेटर निजवून बोटांनी हळूहळू रेघेपर्यंत आणायचा. वाळला की मूळ मापाचा. सगळे कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत, घरानुसार. गल्लीतली मुलं कशी वाढली ते त्या ट्रंकेत वर्षावर्षाने बघता यायचं.

धुणं सोपं होतं, पण त्यात हयगय चालायची नाही. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचे. पाणी नळाचं, बोअरचं नाही. घासायचं नाही, पिळायचं नाही, टांगायचं नाही. नुसतं दाबायचं आणि सोडायचं. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. मग टॉवेलात गुंडाळी करून त्यावर उभं राहायचं, म्हणजे पाणी निघतं. सिस्टर स्वतः वाळल्या शेंगेसारख्या, त्यांच्या वजनाने टॉवेल ओलासुद्धा व्हायचा नाही. मी ड्यूटीवरून आले की हाक यायची, "कंडक्टर, ये. तुझं वजन कामाचं आहे." मी चप्पल काढून गुंडाळीवर उभी राहायची आणि तिथेच चहा प्यायची.

ठेवताना वेखंड आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. डांबरगोळ्यांचं नाव काढलेलं चालायचं नाही. एका बाईच्या शालीला तो वास आला तेव्हा सिस्टरनी ती दोन दिवस फाटकाबाहेर बाजेवर ठेवली होती, क्वारंटाइन म्हणून.

आणि पाणी बघायचं ते कोपराने. बाळाला अंघोळ घालताना बघतात तसं. "बोटं खोटं बोलतात," त्या सांगायच्या. "त्यांनी जन्मभर गरम भांडी उचललेली असतात. कोपर काही काम करत नाही, म्हणून खरं सांगतं." हे त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या. ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

त्या कुणाचं ऐकून घेत नसत. ऐकून घेतलेलं मी बघितलं ते एकदाच. माझ्या पाथर्डीच्या गाडीला एक धनगर आजोबा नेहमी असायचे, श्रीरामपूरला लेकीकडे यायचे. त्यांची घोंगडी इतकी मळलेली की शेजारी कुणी बसायचं नाही. मीच त्यांना घरी घेऊन आले. सिस्टरनी खाकी कागद पसरला. आजोबांनी घोंगडी छातीशी धरली.

"ह्ये काय करता?"

"माप घेते. मग धुते."

"घोंगडं धुत न्हाईत बाई."

"का?"

"खळ जाती समदी. चिंचुक्याची खळ आसती त्याला. ती गेली का मग घोंगडं न्हाई ऱ्हात, फडकं ऱ्हातं."

"मग मळलं तर?"

"उन्हात टाकायचं. काठीनं झोडायचं. झालं."

"वासाचं काय?"

"वास येनारच की. मेंढराचं हाय, अत्तराचा कुठनं यील?"

मला वाटलं आता सिस्टर ऐकवतील. त्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि तासभर प्रश्न विचारले. कागदावर लिहिलं, 'घोंगडी. उपचार: ऊन आणि काठी. सांगणारे: तज्ज्ञ.' आजोबा जाताना मला म्हणाले, "म्हातारी हुशार हाय. समजून घेती."

शेजारी चाचा राहायचे. सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांचा एक मरून रंगाचा स्वेटर होता, लेकीने लग्नाआधी विणलेला. लेक आता नगरला. दिवाळीपासून थंडी संपेपर्यंत चाचा त्याच स्वेटरात असायचे आणि दरवर्षी पहिलं ॲडमिशन त्यांचं.

एका वर्षी मी पुणतांब्याची फेरी करून दुपारी घरी आले. सिस्टर अंगणात टबापाशी, दोन्ही हात कोपरांपर्यंत पाण्यात. टब नळाच्या वाटेत होता म्हणून सरकवायला मी काठाला धरलं आणि पाण्यात बोटं गेली. चटका बसला.

"सिस्टर, पाणी केवढं गरम आहे."

"कोमट आहे. आत्ताच बघितलं."

"हात काढा."

"दाबून व्हायचंय अजून."

मी त्यांचे हात धरून बाहेर काढले. कोपरांपर्यंत लालभडक. बंबाचं पाणी त्यांनी जवळजवळ तसंच घेतलं होतं. मी त्यांना नळाखाली धरून बसवलं. त्यांनी हातांकडे बघितलंही नाही. टबाकडे बघत होत्या. थोड्या वेळाने उठल्या आणि स्वेटर बाहेर काढला. तो निम्मा झाला होता आणि सतरंजीसारखा घट्ट. त्यांनी तो एकदाच ओढून बघितला. आटलेली लोकर परत येत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"कोपर खोटं बोललं," त्या म्हणाल्या.

मी बर्नॉल आणायला गेले. परत आले तर तिथेच बसलेल्या.

"भाच्याला सांगू नकोस."

हे मला अपेक्षित होतं. भाच्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं, काही वेगळं वाटलं तर कळवा, आत्याला पुण्याला न्यायचंय, ती ऐकत नाही. माणूस वाईट नव्हता. त्याचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट होता, अंगण नव्हतं. सिस्टर तिथे एकदा आठ दिवस राहून आल्या होत्या आणि परत आल्यावर दोन दिवस नुसत्या कडुलिंबाखाली बसून होत्या.

"त्याने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," मी म्हटलं. "ईस्टरला तो येणारच आहे. तोवर तुम्ही काय सांगायचं ते ठरवा. आधी डॉक्टर."

डॉक्टरांनी हातांवर टाचणी टोचून बघितली. बऱ्याच ठिकाणी सिस्टरना टोचलेलं कळत नव्हतं. मानेतली नस दबली आहे, वर जुनी शुगर, असं ते म्हणाले. औषधाने त्रास वाढणार नाही, पण गेलेली जाणीव पूर्ण परत येईल असं सांगता येत नाही. विस्तव आणि गरम पाण्यापासून जपा. सिस्टरनी त्यांना वॉर्डात नव्या डॉक्टरला विचारतात तसे प्रश्न विचारले आणि रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "मुलगा बरोबर बोलतोय."

त्यानंतर त्यांनी स्वेटरांचा दवाखाना बंद केला. अकरा स्वेटर न धुता परत पाठवले. चाचांच्या केसपेपरवर लाल पेन्सिलीने लिहिलं, 'पाणी गरम. चूक माझी.' आणि तो कागद आणि आटलेला स्वेटर घेऊन स्वतः दुकानात गेल्या. मी बरोबर होते, पण मागे उभी राहिले.

चाचांनी कागद वाचला. स्वेटर हातावर ठेवला, तो तळहातापासून कोपरापर्यंत जेमतेम पुरला.

"जाऊ द्या सिस्टर. म्हातारपणी माणूस पण आटतो. स्वेटरचं काय घेऊन बसलात?"

"लेकीने विणलेला होता."

"लेक आहे ना. दुसरा विणेल. तिला सांगतो, आता अब्बा पण थोडे आटलेत, लोकर कमी लागेल."

सिस्टर हसल्या नाहीत.

"आणि बंद काय म्हणून केलं?" चाचा म्हणाले. "माझा मफलर तुमच्याकडेच आहे. तो काय ॲडमिटच राहणार?"

आटलेला स्वेटर सिस्टरनी परत आणला आणि त्या दिवशी दुपारी ट्रंक उघडली. स्वेटर हातात, आणि एकेक खाकी कागद काढून त्यावर ठेवून बघायच्या. दोन दिवस हेच चाललं. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले तर एक कागद बाजेवर होता आणि मरून स्वेटर त्यावर जवळपास नेमका बसला होता. मागच्या वर्षी चाचांची नात सुट्टीला आली होती, तेव्हाचं तिच्या स्वेटरचं माप. सिस्टरनी एका वर्षाच्या वाढीची दोन बोटं धरली होती. बाह्या तेवढ्या लांब.

"कात्री आण," त्या म्हणाल्या. "आटलेली लोकर उसवत नाही. कापली तरी धागा सुटत नाही. मला हे आधी सुचायला हवं होतं."

कापायला मात्र मला लावलं. त्यांनी रेघ मारली, मी कापलं.

मग दवाखाना पुन्हा उघडा, असं मी माझं म्हणणं मांडलं. दूध संकलन केंद्रातून एक काचेचा थर्मामीटर आणला होता, तो समोर ठेवला. पाण्यात घाला, आकडा वाचा, मिटलं. सिस्टरनी तो उलटसुलट करून बघितला.

"हा एका जागेचं सांगतो. वर गार, खाली गरम असलं तर?"

"ढवळा."

"तू कोपर दे."

"माझं?"

"हा परीक्षा घेईल. तू अभ्यास कर."

आठवडाभर रोज ड्यूटीनंतर माझी परीक्षा. पाच वाट्यांत पाच प्रकारचं पाणी, मी डोळे मिटून कोपर बुडवायचं आणि 'चालेल' किंवा 'नाही' म्हणायचं. त्या थर्मामीटर बघून खूण करायच्या. पहिल्या दिवशी मी पाचपैकी चार चुकले. त्यांनी माझं उजवं कोपर दाबून बघितलं.

"निबर झालंय."

"गर्दीत लोकांना बाजूला सारून होतं तसं."

"कामाला लागलेलं कोपर काय कामाचं? डावं आण."

डाव्याने मी सुधारले. गल्लीतल्या बायका भिंतीवरून बघायला यायच्या आणि पैज लावल्यासारख्या ओरडायच्या, "नाही म्हणा, नाही म्हणा." ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी पुन्हा पाच वाट्या मांडल्या आणि मला पाचही बरोबर आल्या. सिस्टरनी थर्मामीटर पुसून ट्रंकेत ठेवला. दुसऱ्या दिवशी चाचांचा मफलर धुतला. कोपर माझं, बाकी सगळं त्यांचं.

ईस्टरला दुपारी भाचा गाडी घेऊन आला. डिकी रिकामी होती, ते मी बघितलं. जेवणं झाल्यावर सिस्टरनी त्याच्या हातात एक खाकी कागद दिला. त्यावर त्यांच्या दोन्ही हातांच्या आकृत्या होत्या, स्वेटरच्या काढायच्या तशाच, बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत. जिथे जाणीव नव्हती तिथे बारीक रेघा. पेशंटच्या नावाच्या जागी 'मी' लिहिलं होतं. खाली तक्रार, निदान, डॉक्टरांची औषधं आणि शेवटी आटलेल्या स्वेटरची हकीकत, लाल पेन्सिलीने.

त्याने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"आत्या, हे मला फोनवर का नाही सांगितलं?"

"फोनवर केसपेपर दाखवता येत नाही."

"माझ्याकडे चल. काही करायला लागणार नाही. मशीनला लोकरीचं वेगळं बटण आहे."

"मला काही करायला लागणार नाही, हाच आजार आहे."

तो माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा. खरं काय आहे?"

मी सांगितलं. भाजलेलं सांगितलं, पाणी किती गरम होतं ते सांगितलं. सिस्टर समोर बसून ऐकत होत्या. मग उरलेलंही सांगितलं. बंबाला आता कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. सकाळी निघताना त्यांचं अंघोळीचं पाणी मी मिसळून ठेवते. गॅस मी आणि चाचांची सून यांच्याशिवाय कुणी पेटवत नाही, त्यांचं जेवण माझ्या डब्याबरोबरच होतं. दुपारी सून येऊन बघून जाते. "तुम्ही नेलंत तर मला पहाटे कमी काम पडेल," मी म्हटलं. "पण दिवसभर त्या तिथे काय करतील ते मला माहीत नाही."

तेवढ्यात फाटकातून चाचा आले. नात बोटाला धरलेली आणि तिच्या अंगात तो मरून स्वेटर. बाहेर ऊन रणरणत होतं.

"सिस्टर, पेशंट आणलाय."

सिस्टर खुर्चीतच सावरून बसल्या. "चाल बघू. झाडापर्यंत जा आणि परत ये. हात वर. आता खाली. काखेत ओढतंय का? खरं सांग."

"गरम होतंय," पोरगी म्हणाली.

"ते व्हायलाच पाहिजे. डिस्चार्ज."

पोरीने स्वेटर काढायला नकार दिला. भाचा हसायला लागला, मग चाचाही. हसणं थांबल्यावर भाच्याने तो खाकी कागद पुन्हा वाचला, खिशातलं पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'फेरतपासणी: पुढची थंडी.' सिस्टरनी ते वाचून मान हलवली आणि म्हणाल्या, "सही कर."

फेरतपासण्या पाच झाल्या. दरवर्षी तो यायचा, रिकामी डिकी घेऊन, आणि नवा कागद वाचून सही करून जायचा. शेवटच्या वर्षी सिस्टर खुर्चीतून उठत नसत, पण नजर टबावर असायची. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या, घरात, दुपारी झोपेत. भाच्याने खोलीचं भाडं तेच ठेवलं आणि ट्रंक माझ्या हवाली केली. यंदा राखेच्या बुधवारी मी रजा टाकली होती. सकाळी फाटकात चाचा उभे होते, लेकीने विणलेला नवा स्वेटर घेऊन, आणि त्यांच्यामागे सात-आठ जण.

पण मला सांगायचं होतं ते सिस्टर गेल्या त्याआधीच्या एप्रिलचं. सिस्टरचा स्वतःचा एक निळा कार्डिगन होता, नर्सिंगच्या ट्रेनिंगपासूनचा. तो त्या कुणाला धुऊ द्यायच्या नाहीत. त्याचा केसपेपरही नव्हता. ईस्टरच्या आदल्या दिवशी, सगळे पेशंट गेल्यावर, सर्वांत शेवटी त्याचा नंबर लागायचा. हात अधू झाल्यावरही मी फक्त पाणी बघून द्यायची आणि त्या दाबायच्या. त्या वर्षी म्हणाल्या, "आज तू धू."

मी रिठे गाळले, डावं कोपर बुडवलं, 'चालेल' म्हटलं. धुतला, गुंडाळीवर उभी राहिले. बाजेवर कागद त्यांनी आधीच पसरायला लावला होता, मलमलीखाली. रेघ कार्डिगनपेक्षा जरा रुंद होती. मला वाटलं नजर गेली त्यांची. तरी सांगितलं तसं रेघेपर्यंत आणला.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. चर्चहून आलेली माणसं भेटून गेली आणि दुपारी सिस्टर म्हणाल्या, "वाळला असेल. आण."

आणला.

"घाल."

"सिस्टर, ज्याचा त्याने घालायचा असतो."

"तो नियम मीच केलाय. घाल."

मी मलमल उचलून कागद बघितला. नावाच्या जागी लिहिलं होतं 'कंडक्टर'. तक्रारीच्या जागी लिहिलं होतं, 'अंगाने भक्कम. खांद्याला दोन बोटं जास्त.'

मी कार्डिगन घातला, बटणं लावली आणि भर उन्हात झाडापर्यंत जाऊन परत आले. भिंतीवरून चाचांची सून बघत होती. पाठीवरून घामाची धार लागली.

"हात वर कर. आता खाली. काखेत ओढतंय का? खरं सांग."

"ओढतंय."

"पुढच्या वेळी ओला असताना बोटभर जास्त घे," सिस्टर म्हणाल्या. "जा. डिस्चार्ज."